लिव्हरमधली निरोगी मूलपेशी आणि कर्करोगाची मूलपेशी: फरक नक्की कुठे असतो?

डिचोली तालुक्यात उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, हेपटायटिस बी मुळे सिरोसिस झालेला, म्हणजे लिव्हरवर कायमचे चट्टे पडून ते कठीण झालेलं. लिव्हरमधली ४ सेंटिमीटरची गाठ शस्त्रक्रियेने काढली. १४ महिन्यांनी दुसरी गाठ दिसली. पहिल्या गाठीच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती, 'सीके-१९ आणि एपकॅम पॉझिटिव्ह, मूलपेशींसारखी लक्षणे'. त्याच सुमारास एका नातलगाने सांगितलं, की परराज्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून लिव्हरमध्ये सोडतात आणि लिव्हर नवं होतं. 'मी वर्गात शिकवतो की मूलपेशी शरीराची दुरुस्ती करतात. रिपोर्ट म्हणतो की कर्करोगातही मूलपेशी आहेत. मग या दोघींत फरक काय? आणि बाबांना ते इंजेक्शन द्यायचं का?'

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. ते इंजेक्शन देऊ नका. का देऊ नये ते पुढे येईलच, पण ते पटायला पहिला प्रश्न सुटला पाहिजे, आणि तो तुम्ही फार नेमका विचारला आहे. मी जवळजवळ ३० वर्षं लिव्हरच्या बायॉप्सी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आहे. अशी शेवटची ओळ आम्ही पॅथॉलॉजिस्ट लिहितो आणि पुढच्या स्लाइडकडे वळतो. घरच्या माणसांना मात्र तिचं ओझं महिनोन्‌महिने वाहावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निरोगी लिव्हरबद्दल. मूलपेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अस्थिमज्जा येते, नाहीतर आतडं. रक्तपेशी सतत मरत असतात, म्हणून त्या घडवणारा कारखाना मज्जेत जन्मभर चालू ठेवावा लागतो. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं, तिथेही तसंच. लिव्हरची रीत वेगळी आहे. तिथे रोजची झीज भरून काढायला मूलपेशींची वाट पाहिली जात नाही. कामावर असलेल्या प्रौढ यकृतपेशीच दुभंगतात आणि आपली भरपाई आपणच करतात. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या लिव्हरचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला, तेव्हा आठवडा-दहा दिवसांत उरलेला भाग वाढून मूळ वजनाच्या जवळ पोचला. कापलेली पाळी परत उगवत नाही, हे मुलांना जरूर सांगा. मागे राहिलेली पाळी मोठी होते. ते काम बहुतांशी साध्या यकृतपेशींनी एकदा-दोनदा विभागून केलेलं असतं. आज लिव्हर दान करणाऱ्या माणसाचा अर्ध्याहून जास्त भाग काढला तरी तो काही महिन्यांत आपल्या उद्योगाला लागतो, त्याचं कारणही हेच.

माणसाच्या लिव्हरमधल्या पेशींचं वय किती, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने २०२२ मध्ये मोजलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन पेशींच्या डीएनएत किती सापडतो, यावरून त्यांनी वय काढलं. माणूस विशीतला असो की ऐंशीतला, त्याच्या लिव्हरच्या पेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच भरलं. म्हणजे तुमच्या बाबांच्या वयाच्या माणसाचंही लिव्हर पेशींच्या हिशेबाने बालवाडीत जाईल एवढंच. ही सगळी उलाढाल मुख्यतः प्रौढ पेशींच्या जोरावर चालते. त्यातही कोणत्या पेशी जास्त राबतात यावर बरीच वर्षं वाद होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासांत असं दिसलं, की लिव्हरच्या सूक्ष्म खंडांत मधल्या पट्ट्यातल्या यकृतपेशी नेहमीच्या भरपाईत सर्वांत पुढे असतात.

मग लिव्हरमध्ये मूलपेशी नाहीतच का? आहेत, पण राखीव. माझं आजोळ सावईवेऱ्याचं, लहानपण कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळ-केळीच्या बागेत गेलं, म्हणून मला हे नेहमी कुळागराच्या भाषेत सुचतं. केळीचा घड उतरला की त्याच बुंध्याचं पिल वर येतं. त्यासाठी कोणी बाहेरून रोप आणत नाही. पण पाटाच्या कडेला, ओलाव्यात, आजोबा थोडी रोपं वेगळी राखून ठेवत. वादळात बाग आडवी झाली तरच ती रोपं जमिनीत जात. लिव्हरमध्ये ही पाटाची कड म्हणजे हेरिंगच्या नलिका. एकोणिसाव्या शतकातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ट हेरिंग यांचं नाव त्यांना मिळालं आहे. यकृतपेशींनी तयार केलेलं पित्त ज्या नाजूक संधीवर पित्तनलिकेत शिरतं, ती ही जागा. तिथल्या पेशी एका बाजूला यकृतपेशी होऊ शकतात, दुसऱ्या बाजूला पित्तनलिकेच्या पेशी. उंदरांमध्ये रसायनं देऊन यकृतपेशींची विभागणी अडवली की या भागातून लहान, अंडाकृती केंद्रकाच्या पेशींची रांग बाहेर पडते. फार्बर यांनी १९५६ मध्ये त्यांना 'ओव्हल सेल' म्हटलं.

या पेशी खरोखर यकृतपेशी बनतात का, यावर कित्येक वर्षं मतभेद होते. उंदरांत साध्या इजेनंतर पाहिलं, तर त्यांचा वाटा नगण्य दिसे. मग २०१७ मध्ये एडिनबरोच्या गटाने यकृतपेशींना विभागता येणार नाही अशी व्यवस्था करून इजा केली, तेव्हा पित्तनलिकेच्या बाजूच्या पेशींनी खरोखरच नव्या यकृतपेशी घडवल्या. म्हणजे ही राखीव फौज आहे. नेहमीचं सैन्य थकल्याशिवाय ती मैदानात येत नाही. सिरोसिसमध्ये हे थकणं मला रोज दिसतं. वर्षानुवर्षं विषाणू, दारू किंवा चरबी यांच्या माऱ्याने यकृतपेशी इतक्या वेळा विभागलेल्या असतात की त्यांच्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, आखूड होतात. मग त्या जिवंत राहतात पण विभागत नाहीत. अशा लिव्हरच्या स्लाइडवर चट्ट्यांच्या कडेने लहान लहान नलिकांची गर्दी दिसते. राखीव पेशींना बोलावणं गेलं आहे, एवढाच तिचा अर्थ. ती कर्करोगाची खूण नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. या राखीव पेशीला निरोगी कशामुळे म्हणायचं? ती सशक्त आहे किंवा वेगाने वाढते म्हणून नाही. वाढण्यात ती कर्करोगाच्या पेशीला हार जाणार नाही. ती निरोगी आहे कारण बोलावणं आल्याशिवाय ती उठत नाही, उठली की काहीतरी बनते, आणि काम झालं की थांबते. तीनही गोष्टी हव्यात, पण मला विचाराल तर तिसरी सर्वांत मोलाची.

लिव्हर कुठे थांबायचं हे कसं ओळखतं, हा माझ्या मते या अवयवाचा सर्वांत सुंदर भाग आहे. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, तुम्ही पाहिली असेल. भरतीचं पाणी दाराला बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते उघडतं. तिथे कोणी माणूस उभा नसतो, पाण्याचाच दाब पाण्याला आवरतो. लिव्हरमध्ये असं काम करणाऱ्या संदेश-साखळ्यांपैकी एकीचं नाव हिप्पो. पेशींची दाटी झाली, शेजारणींचा स्पर्श पुरेसा झाला, की ही साखळी 'याप' नावाच्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडवते आणि वाढ थांबते. २००७ मध्ये उंदरांच्या लिव्हरमध्ये याप मुद्दाम चालू ठेवून पाहिलं गेलं. लिव्हर काही आठवड्यांत कित्येक पटींनी फुगलं. याप बंद केल्यावर ते पुन्हा आक्रसून जवळजवळ मूळ आकाराला आलं. पण बराच काळ ते चालूच ठेवलं, तेव्हा लिव्हरमध्ये गाठी झाल्या. या एका प्रयोगात दुरुस्ती आणि कर्करोग यांच्यातली सीमारेषा जितकी स्पष्ट दिसते, तितकी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

कर्करोगाची मूलपेशी ही कल्पना मात्र लिव्हरमधून आलेली नाही, रक्ताच्या कर्करोगातून आली. टोरोंटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ आणि १९९७ मध्ये दाखवलं, की ल्युकेमियाच्या असंख्य पेशींपैकी फार थोड्या पेशीच उंदरात गेल्यावर पुन्हा तो आजार उभा करू शकतात. बाकीच्या काही काळ विभागतात आणि संपतात. त्यामुळे व्याख्या कसोटीवर बेतली गेली. पेशी थोड्या प्रमाणात दुसऱ्या जिवात घातली, तर तिने नवी गाठ उभी करावी. त्या गाठीत मूळ गाठीसारख्या सर्व प्रकारच्या पेशी याव्यात. आणि त्या गाठीतून पेशी काढून पुन्हा तिसऱ्या जिवात घातली तरी हेच घडावं. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते याचा या व्याख्येत काहीच संबंध नाही. रूपावरून ती ओळखू येत नाही, फक्त तिच्या करणीवरून ओळखू येते.

लिव्हरच्या कर्करोगात अशा पेशी शोधायला पृष्ठभागावरची प्रथिनं खुणा म्हणून वापरली गेली. २००७ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी सीडी-१३३ पुढे आणलं, २००८ मध्ये सीडी-९० आलं, २००९ मध्ये एपकॅम, २०१० मध्ये जपानी गटाने सीडी-१३ दाखवलं, पुढे सीडी-२४ आणि सीडी-४४ सुद्धा. यादी लांबत गेली, आणि इथेच तुमची अडचण उभी राहते. यातल्या बहुतेक खुणा निरोगी पेशींवरही असतात. सीडी-१३३ आणि एपकॅम निरोगी पित्तनलिकेच्या आणि राखीव पेशींवर आहेत. बाबांच्या रिपोर्टातलं सीके-१९ हे तर पित्तनलिकेच्या पेशींचं घरचंच प्रथिन. प्रौढ यकृतपेशीत ते नसतं. सीडी-१३३ मज्जेतल्या रक्ताच्या मूलपेशींवरही असतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. एका खुणेने निरोगी आणि रोगी वेगळे करता येत नाहीत. एकाच शाळेचा गणवेश दोघांच्या अंगावर आहे, असं तुमच्या मुलांना सांगता येईल.

गणवेश सोडा, पुष्कळशी अवजारंही तीच आहेत. विंट, नॉच आणि हेजहॉग या संदेश-साखळ्या गर्भात लिव्हर घडवतात, इजेनंतर राखीव पेशींना उठवतात, आणि कर्करोगाच्या मूलपेशीही त्यांच्यावरच चालतात. औषध पेशीबाहेर फेकणारे पंप दोघींकडे. शांत पडून राहण्याची कला दोघींकडे. एएफपी हे प्रथिन गर्भातल्या लिव्हरमध्ये भरपूर बनतं, जन्मानंतर ओसरतं आणि काही गाठींत परत दिसतं. बाबांच्या रक्तात तुम्ही दर वेळी तपासता तेच हे. म्हणून कर्करोगाच्या मूलपेशीने नवं काही शोधून काढलं आहे, असं मी मानत नाही. लिव्हरला जन्मापूर्वी जे येत होतं तेच ती पुन्हा करते, फक्त अवेळी आणि न थांबता.

मग फरक कुठे? पहिला आणि पायाचा फरक डीएनएत. निरोगी राखीव पेशीचा जनुकसंच जवळजवळ शाबूत असतो. कर्करोगाच्या पेशीत विशिष्ट जागी बिघाड असतात, आणि ते नेमके आवर घालणाऱ्या ठिकाणी असतात. माणसाच्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमात, म्हणजे यकृतपेशींच्या कर्करोगात, सर्वांत जास्त वेळा सापडणारा बिघाड टेलोमरेज या एन्झाइमचं जनुक चालू-बंद करणाऱ्या कळीवर असतो. निम्म्याहून अधिक गाठींत तो दिसतो. त्याचा अर्थ समजून घ्या. आखूड होत जाणारी गुणसूत्रांची टोकं हा थकलेल्या पेशीला थांबवणारा शेवटचा अडसर. टेलोमरेज पुन्हा चालू झालं की टोकं पुन्हा लांब होतात आणि अडसर निघून जातो. सिरोसिसमध्ये कर्करोगापूर्वीच्या गाठींतही हा बिघाड सापडतो, म्हणजे तो फार लवकर येतो. हेपटायटिस बी चा विषाणू स्वतःचा डीएनए रुग्णाच्या गुणसूत्रांत खोचतो, आणि त्याच्या आवडत्या जागांपैकी एक याच जनुकाजवळ आहे. बाबांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते त्यांच्या गाठीची जनुकीय तपासणी केल्याशिवाय कोणी सांगू नये, पण विषाणू लिव्हरला फक्त दाह देऊन नाही तर असाही घात करतो. याखेरीज साधारण एक-तृतीयांश गाठींत बीटा-कॅटेनिनचं जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे विंटचा निरोप कोणी न पाठवताही 'आला आहे' असं पेशीला वाटत राहतं. बिघडलेल्या पेशीला रोखणारं पी-५३ हे प्रथिन ज्यावरून बनतं, ते टीपी-५३ हे जनुकही बऱ्याच गाठींत गेलेलं असतं. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात, मक्यात तयार होणारं अफ्लाटॉक्सिन या जनुकाला ठरावीक एका जागी दुखावतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरसा आलेले दाणे धुऊन-वाळवून वापरू नयेत, सरळ टाकून द्यावेत, ते यासाठी.

दुसरा फरक निरोपाच्या अर्थाचा. टीजीएफ-बीटा हा रेणू निरोगी यकृतपेशीला 'आता पुरे' सांगतो. वाढलेल्या कर्करोगात तोच रेणू पेशींना शेजार सोडून जायला, पसरायला मदत करतो, शिवाय प्रतिकारशक्तीच्या पेशींना निष्क्रिय करतो. निरोप तोच आहे, ऐकणाऱ्याची समज बदलली आहे.

तिसरा फरक पूर्णत्वाचा. निरोगी पेशी यकृतपेशी झाली की अल्ब्युमिन बनवते, अमोनिया निपटते, पित्त तयार करते. कर्करोगाच्या मूलपेशीची संतती त्या वाटेने निघते पण पोचत नाही. स्लाइडवर अशा पेशी मला अर्धवट घडलेल्या दिसतात: काही थोडं पित्त बनवणाऱ्या, काही नलिकेसारख्या रचल्या गेलेल्या, काही कशासारख्याच नाहीत. सीके-१९ पॉझिटिव्ह गाठ म्हणजे यकृतपेशीच्या कर्करोगात पित्तनलिकेकडच्या ओळखीचा अंश उरलेला आहे, किंवा परत आलेला आहे.

'उरलेला' आणि 'परत आलेला' यांत मोठं अंतर आहे, आणि त्यावर मला जरा थांबावंसं वाटतं. बरीच वर्षं आम्ही धरून चाललो, की कर्करोगाची मूलपेशी ही बिघडलेली राखीव पेशीच असणार. तुमचा प्रश्नही त्याच समजुतीवर उभा आहे. २०१५ मध्ये उंदरांत पेशींना जन्मखूण देऊन त्यांची संतती शोधली, तेव्हा बहुतेक यकृत-कर्करोग प्रौढ यकृतपेशींतून आलेले निघाले, राखीव पेशींतून नाही. उंदरावरचं माणसाला जसंच्या तसं लागू करू नये हे खरं. तरी त्यावरून एवढं कळतं, की काम करणारी प्रौढ पेशी बिघाडांच्या जोरावर मागे फिरू शकते आणि मूलपेशीसारखी वागू शकते. पी-५३ चा पहारा नसला तर हे मागे फिरणं सोपं होतं. दाह, ऑक्सिजनची कमतरता, चट्ट्यांचा कठीणपणा, दारूची झळ, या सगळ्यांनी त्याला हातभार लागतो. गाठीतही आज मूलपेशीसारखी नसलेली पेशी उद्या तशी होऊ शकते.

म्हणून 'कर्करोगाची मूलपेशी' ही एखादी वेगळी जात आहे असं समजू नका. तिला मी अवस्था म्हणेन. निरोगी राखीव पेशीची जागा ठरलेली आहे, वंश ठरलेला आहे. कर्करोगात मात्र ती एक भूमिका आहे, आणि ती कोणतीही पुरेशी बिघडलेली पेशी घेऊ शकते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सर्वांत खरं उत्तर हेच आहे. (ती उंदरांवरची कसोटीही पूर्ण निर्दोष नाही. २००८ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमावर काम करताना असं दिसलं, की प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेले उंदीर वापरले तर जवळजवळ चारातली एक पेशी गाठ बनवते. 'फार थोड्या पेशी' हे निष्कर्ष कधी कधी उंदराबद्दल सांगत असतात, गाठीबद्दल नाही.)

आता उपचारांत याचा काय फरक पडतो ते. विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधं झोपलेल्या पेशीला फारशी लागत नाहीत. २०१० मध्ये सीडी-१३ दाखवणाऱ्या त्या जपानी कामात हीच गोष्ट होती: या खुणेच्या पेशी शांत पडून असतात, केमोनंतर त्याच मागे उरतात. सीडी-१३ अडवणारं उबेनिमेक्स हे औषध केमोबरोबर दिल्यावर उंदरांतल्या गाठी जास्त आक्रसल्या. मग सरळ मूलपेशींचे निरोपच का तोडू नयेत? प्रयत्न झाले. विंटची साखळी अडवणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्यांत हाडं ठिसूळ होण्याचा त्रास दिसला, कारण हाडाला आणि आतड्याला स्वतःच्या दुरुस्तीसाठी तीच साखळी लागते. अवजारं सारखी असण्याची किंमत ती ही. शत्रूचं अवजार तोडताना आपलंही तुटतं. म्हणून आज लिव्हरच्या पसरलेल्या कर्करोगात जी औषधं दिली जातात, त्यांतलं एकही खास मूलपेशींसाठी नाही. सोराफेनिब आलं तेव्हा २००८ च्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो काळ) ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेलं होतं. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी त्याहून पुढे गेली. ती प्रतिकारशक्तीला जागं करते आणि गाठीची रक्तवाहिन्यांची वाट अडवते. पेशी मूलपेशी आहे की नाही हे ती विचारत नाही. बाबांना पुढे अशी वेळ आलीच तर पर्याय आहेत, हे यासाठी सांगितलं.

आता त्या इंजेक्शनकडे येतो. अशा ठिकाणी बहुधा रुग्णाच्या मज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशी काढून त्या रक्तवाहिनीतून लिव्हरकडे सोडतात. या पेशी यकृतपेशी होत नाहीत. फार तर काही रसायनं स्रवून दाह थोडा कमी करतील, ही आशा असते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं सीडी-१३३ इथे कामाला येतं. ब्रिटनमध्ये सिरोसिसच्या रुग्णांना त्यांच्याच रक्तातल्या सीडी-१३३ असलेल्या मूलपेशी देऊन नीट आखलेली चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले. लिव्हरचं काम सुधारलं नाही, उलट त्रासदायक घटना जास्त झाल्या. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडून मूलपेशींचा कोणताही वापर मान्य उपचार धरलेला नाही. बाकी सगळं मंजूर चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागत असेल, तर ती चाचणी नाही, एवढं ओळखायला पुरे. शिवाय बाबांच्या लिव्हरमध्ये आत्ता एक जिवंत गाठ आहे. तिथे वाढीला उत्तेजन देणारी कोणतीही गोष्ट सोडणं मला पटत नाही. मी पाहिलेल्या दोन-तीन घरांनी या नादात जमीन विकली आणि ज्या महिन्यांत खरा उपचार होऊ शकला असता ते महिने गमावले. ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

रिपोर्टातल्या ओळीचा अर्थ घाबरण्यासारखा नाही, पण गंभीर आहे. सीके-१९ पॉझिटिव्ह गाठी साधारणपणे जास्त आक्रमक असतात, लवकर परत येतात. त्यावर वेगळं औषध नाही. अर्थ एवढाच, की पाळत अधिक कडक हवी. लिव्हरची गाठ काढल्यावर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत ती परत दिसते, सीके-१९ असो वा नसो. पहिल्या दोन वर्षांत आलेली गाठ बहुधा जुन्या गाठीचीच पेशी, शस्त्रक्रियेपूर्वीच सुटून लिव्हरमध्ये दुसरीकडे रुजलेली. त्यानंतर येणारी बहुधा नवीनच, कारण ज्या सिरोसिसने पहिली गाठ घडवली तो तसाच असतो. बाबांची १४ महिन्यांनी आली, म्हणजे पहिल्या प्रकारची शक्यता जास्त. डॉक्टर प्रत्यारोपणाचा विषय काढतील तर तो या दृष्टीने ऐका: त्यात गाठ जाते आणि गाठी घडवणारी जमीनही जाते. त्यासाठी जगभर वापरला जाणारा मिलान निकष १९९६ पासून आहे, एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. गाठ लहान असताना सुईने जाळणं किंवा पुन्हा कापणं हेही पर्याय असू शकतात. बाबांच्या लिव्हरची ताकद पाहून ते ठरेल, त्याला मी इथून उत्तर देऊ शकत नाही.

हेपटायटिस बी ची गोळी कोणत्याही कारणाने बंद पडू देऊ नका. ती विषाणूला दाबून ठेवते, दाह कमी करते, आणि दाह कमी म्हणजे पेशींना मागे फिरवणारा रेटा कमी. फेणी, हुर्राक, बिअर, काहीही नको. काजूची फेणी घरची आहे म्हणून लिव्हरला सोसते, असं मला अजूनही ऐकावं लागतं. लिव्हरला त्यातलं अल्कोहोल तेवढं कळतं.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा जिथे पुढचा उपचार घ्याल तिथे जाताना पहिल्या शस्त्रक्रियेचे मेणाचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड पॅथॉलॉजी विभागातून लेखी मागून घ्या. ते रुग्णाला मिळतात. दुसऱ्या गाठीची बायॉप्सी झाली तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात आणि ती जुनीच की नवी याचा अंदाज येतो. आणि सर, तुम्ही स्वतः, तुमची भावंडं, आई आणि काकांच्या घरची मंडळी, सगळ्यांनी याच आठवड्यात हेपटायटिस बी ची साधी रक्ततपासणी करून घ्या. निगेटिव्ह आलेल्यांनी लस घ्या. पॉझिटिव्ह आलेल्यांनी डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी कधीपासून सुरू करायची ते ठरवा. सिरोसिस असेल तर ती दर सहा महिन्यांनी करावीच लागते.